काळा चबुतरा आणि ‘आद्य क्रांतिकारक’

(खुलताबाद येथील युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचा पहिला नायक कोण, असा विषय मला दिला आहे. सकाळच्या गटचर्चेत तुम्ही फळ्यावर लिहिलेली नावं मी आत्ता वाचत होतो. सिराज उद्दौला, टिपू सुलतान, बहादूरशहा जफर, बेगम हजरत महल. एका गटाने उमाजी नाईक आणि वासुदेव बळवंत फडके लिहिलं आहे. आणि एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, कुणीतरी ‘औरंगजेब’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आहे. ज्याने लिहिलं त्याने हात वर करायची गरज नाही. पण सुरुवात त्या प्रश्नचिन्हापासूनच करू, कारण त्याची कबर इथून हाकेच्या अंतरावर आहे. मार्च २०२५ मध्ये त्या कबरीवरून एवढं वातावरण तापलं की शेकडो किलोमीटर लांब नागपुरात दंगल झाली. त्या दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वर्गात, हॉस्टेलवर, ऑफिसात, ‘तुझं काय म्हणणं आहे?’ असं कुणीतरी विचारलं असणार. ज्या माणसाला जाऊन तीनशे वर्षं उलटली, त्याचा जबाब वीस वर्षांच्या पोरापोरींकडे मागायचा!

मग असा जबाब मागितला की कुणीतरी व्हॉट्सअॅपवरचा एक मजकूर काढतो: इंग्रजांना पहिल्यांदा हरवलं ते औरंगजेबाने. यात घटना खरी आहे. १६८६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मोगलांशी लढाई उकरून काढली. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला आणि त्याने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला. शेवटी कंपनीचे वकील बादशहापुढे माफी मागायला गेले, दीड लाख रुपये दंड भरला, आणि १६९० मध्ये त्यांना पुन्हा व्यापाराची परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी हुगळीकाठी आपलं ठाणं मांडलं, त्याचं पुढे कलकत्ता झालं. आता सांगा, याला वसाहतवादाविरुद्धचा लढा म्हणायचं का? मी म्हणणार नाही. उर्मट व्यापाऱ्याला दंड करून दुकान पुन्हा उघडू देणारा हा बादशहा होता. त्याच्या मनात ‘परकी सत्ता’ हा प्रश्नच नव्हता. त्या वेळी तो दख्खनमध्ये काय करत होता हे आपण सगळे जाणतो. त्याचं समर्थन करायची जबाबदारी माझ्यावर नाही आणि तुमच्यावरही नाही. या विषयात त्याचं नाव बसत नाही, एवढंच. प्रश्नचिन्ह पुसून टाका.

खुलताबादला आलोच आहोत तर आणखी दोन कबरींकडे जाऊ. हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात पहिला निजाम, आसफजहा, दफन आहे. त्याचा मुलगा नासिर जंग तिथेच आहे. नासिर जंग १७५० मध्ये जिंजीजवळ फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत, आपल्याच बाजूच्या नबाबांच्या दगाफटक्याने मारला गेला. वाचल्यावर छाती फुगते, नाही का? परकीयांशी लढताना मेलेला मराठवाड्यातला माणूस! पण थांबा. त्या लढाईत त्याच्या बाजूने कोण होतं? इंग्रज. त्याला दख्खनची गादी टिकवायची होती, फ्रेंच त्याच्या भाच्याच्या बाजूने होते, म्हणून हा इंग्रजांच्या बाजूला. पुढे त्याचा भाऊ निजाम अली याने १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार करून टाकला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची फौज इंग्रजांबरोबर श्रीरंगपट्टणवर चालून गेली. टिपूविरुद्ध.

हे ऐकून कुणी ‘पाहा, मुसलमान राजेच फितूर’ असं म्हणेल, तर त्याला पुण्याचं दफ्तरही उघडून दाखवा. १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. ते जाळायला इंग्रजांना सोबत कुणी घेतलं? नानासाहेब पेशव्यांनी. कान्होजी आंग्र्यांनी ज्या आरमाराच्या बळावर कंपनीला आयुष्यभर हैराण केलं, ते आरमार. १७९० मध्ये टिपूविरुद्ध कॉर्नवॉलिसशी हातमिळवणी करणारे दोघे होते, निजाम आणि पेशवे. १७९२ मध्ये टिपूचं अर्धं राज्य तिघांनी वाटून घेतलं. दहा वर्षांनी, १८०२ च्या शेवटच्या दिवशी, पेशव्याने वसईला स्वतःच तैनाती फौज पत्करली. पुढच्याच सप्टेंबरात आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, असईला, शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला.

या सगळ्या राजकारणात मला एकच वर्ष मनापासून हळहळ लावून जातं. १७८०. त्या वर्षी नाना फडणवीस, हैदरअली आणि निजाम यांनी इंग्रजांविरुद्ध एकत्र यायचं ठरवलं, नागपूरकर भोसलेही त्यात होते. पुणे, श्रीरंगपट्टण, हैदराबाद, नागपूर, चारही दिशांनी एकदम उठायचं. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला. मुलांना ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न मी सहसा विचारू देत नसे, पण या वर्षापुरती सवलत देत असे. पुढे काय झालं? इंग्रजांनी निजामाला गुंटूर परत देऊन गप्प केलं, भोसल्यांना पैसे देऊन. पुणेकरांनी १७८२ मध्ये सालबाईचा तह केला. हैदर एकटा लढत राहिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात छावणीत वारला. यात हिंदू-मुसलमान कुठे आलं? ज्याला जो तुकडा मिळाला तो घेऊन तो घरी गेला.

टिपूबद्दल बोलल्याशिवाय तुम्ही मला खाली बसू देणार नाही, म्हणून बोलतो. ४ मे १७९९ रोजी तो किल्ल्याच्या दारात लढता लढता पडला. तैनाती फौजेचा करार करून राज्य वाचवण्याची वाट त्याच्यापुढे होती, ती त्याने घेतली नाही. राजांच्या रांगेत मी त्याला फार वरची जागा देतो. पण कोडगू आणि मलबारातल्या लोकांच्या आठवणीत दुसरा टिपू आहे, आणि त्या आठवणी खोट्या ठरवायचा उद्योग आपण करू नये. शृंगेरी मठाचं उदाहरण आपल्याकडे फार वापरलं जातं. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेतल्या पेंढाऱ्यांनी मठ लुटला आणि टिपूने तो सावरायला मदत पाठवली. हे खरं आहे. मात्र ते समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरलं, की आपणही त्याच खेळात उतरलो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आता राजे बाजूला ठेवू आणि आपल्या मराठी वादाकडे येऊ. ‘आद्य क्रांतिकारक’ ही पदवी महाराष्ट्रात दोघांना लावली जाते. शाळेच्या पुस्तकात बहुतेकांनी फडके वाचले. रामोशी समाज आणि अनेक अभ्यासक म्हणतात, फडक्यांच्या जन्माआधी तेरा वर्षं उमाजी नाईक फासावर गेला होता, मग आद्य कोण? तारखांनी पाहिलं तर उत्तर सोपं आहे. उमाजीने १८३१ मध्ये जाहीरनामा काढला, इंग्रजांची नोकरी सोडा, सारा भरू नका, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. फडक्यांचं बंड १८७९ चं. पण एवढं सोपं असूनही पदवी दुसऱ्याला का चिकटली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. फडके लिहिणारे होते, त्यांनी रोजनिशी ठेवली, त्यांच्यामागे लिहिणारा-वाचणारा समाज होता. उमाजीचं चरित्र पहिल्यांदा लिहिलं ते मॅकिंटॉश नावाच्या इंग्रज कॅप्टनने, १८३३ साली. ज्याच्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्याची पदवी कोण जपणार?

म्हणून मी फडक्यांना लहान करत नाही. त्यांच्या बंडातला एक भाग तर तुम्ही नीट ऐकायलाच हवा. त्यांच्याबरोबर लढणारे बहुतेक रामोशी होते. माणसं कमी पडली तेव्हा ते निजामाच्या मुलखात आले आणि त्यांनी इस्माईल खान नावाच्या रोहिल्याशी पाचशे रोहिले देण्याचा करार केला. ते रोहिले येऊन मिळायच्या आतच, जुलै १८७९ मध्ये, विजापूरच्या बाजूला देवर नावदगीच्या देवळात आजारी अवस्थेत फडके पकडले गेले. पकडणारे दोघे होते. एक मेजर डॅनियल. दुसरा निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक. फडक्यांना एडनला पाठवलं आणि १८८३ मध्ये ते तिथे वारले.

इस्माईल खान आणि अब्दुल हक. दोघे एकाच निजामाच्या मुलखातले, दोघे मुसलमान. यातला ‘आपला’ कोणता, हे नावावरून ठरवता येतं का? मग टिपूच्या, निजामाच्या, सिराजच्या बाबतीत आपण ते नावावरून का ठरवतो?

माझी कसोटी साधी आहे. त्या माणसाला हुकूम मोडायची किंमत माहीत होती का? आणि ती त्याने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या जिवातून दिली का? या कसोटीवर बरेचसे राजे गळून पडतात. आणि काही माणसं वर येतात ज्यांचं नाव आज सकाळी तुमच्या फळ्यावर नव्हतं, जरी ती इथून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर मेली.

शहरातला क्रांती चौक तुम्हाला माहीत आहे. मोर्चे तिथूनच निघतात. त्याला ‘क्रांती’ नाव कशामुळे पडलं, हे मोर्चेकऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं, मला शंका आहे. त्या जागेचं जुनं नाव काळा चबुतरा. १८५७ च्या बंडवाल्यांना तिथे मारलं.

काय घडलं ते जरा सविस्तर सांगतो. औरंगाबादच्या छावणीत तेव्हा ‘हैदराबाद कंटिंजंट’ची फौज असे. ही मोठी विचित्र फौज होती. पगाराचा बोजा निजामावर आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. हिच्याच खर्चाची थकबाकी दाखवून १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला होता. तिच्या रिसाल्यात घोडा सरकारी नसे. शिलेदारी पद्धत होती, घोडा आणि साज शिलेदाराचा स्वतःचा. म्हणजे नोकरी गेली तर महिन्याच्या पगाराबरोबर घरादाराची जमा पुंजीही गेली.

१८५७ च्या जूनमध्ये पहिला रिसाला मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, औरंगाबादला आणला. मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या येऊन पोचल्या होत्या. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुजबुज सवारांत सुरू झाली. त्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. आमची भरती दख्खनसाठी, निजामाच्या मुलखासाठी झाली आहे, बाहेर जाणार नाही. आणि बादशहावर शस्त्र उचलणार नाही. १२-१३ जूनला छावणीत उघड गडबड झाली. कॅप्टन अॅबट हा रिसाल्याचा प्रमुख. त्याने समजूत घालून वेळ मारून नेली. तोवर पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज तोफा घेऊन निघाली होती, ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात येऊन थडकली. रिसाल्याला घोड्यावरून उतरवून मैदानात उभं केलं. समोर तोफा. अॅबट नावं वाचू लागला. पहिलंच नाव जमादार अमीर खानचं. त्याला पकडायला सांगताच रांगेत गोंधळ उडाला, सवार आपल्या घोड्यांकडे धावले, तोफा सुटल्या. बरेच जण निसटले, बरेच सापडले.

दफेदार मीर फिदा अलीने अॅबटवर गोळी झाडली होती. ती लागली नाही. जागेवरच लष्करी कोर्ट बसवून त्याला फाशी दिलं. पुढच्या दिवसांत एकवीसेक जणांना गोळ्या घातल्या आणि तिघांना तोफेच्या तोंडी दिलं, असं गॅझेटियर सांगतं.

तोफेच्या तोंडी देणं ही शिक्षा इंग्रजांनी फार विचार करून वापरली. माणसाचं शरीर उरत नाही. हिंदूला अग्नी मिळत नाही, मुसलमानाला कफन-दफन मिळत नाही. खुलताबादला येताना आपण किती कबरींवरून नजर फिरवली! बादशहाची आहे, निजामाची आहे, सुफी संतांच्या आहेत, मलिक अंबरची आहे, गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाचीही आहे. त्या तिघांची कुठेच नाही.

निसटलेल्यांची गोष्ट याहून लांब आहे. बुलढाण्याच्या बाजूने जमादार चिदा खान थोडे सवार घेऊन हैदराबादला गेला. निजाम आपल्याला आसरा देईल, अशी त्याची समजूत. दिवाण सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेन्सीत इंग्रजांच्या हवाली केलं. त्यावर शहर खवळलं. १७ जुलै १८५७ रोजी, मौलवी अलाउद्दीन आणि तुर्रेबाज खान यांच्यामागे काहीशे लोक कोठीच्या रेसिडेन्सीवर चालून गेले, त्यांत रोहिले पुष्कळ. रात्रभर लढले, हरले. मौलवीसाहेबांना अंदमानला पाठवलं, तिथेच त्यांचा शेवट झाला. तुर्रेबाज खान कैदेतून निसटला. जानेवारी १८५९ मध्ये तूपरानच्या जंगलात कुर्बान अली बेगने त्याला मारलं, आणि हैदराबादेत त्याचं प्रेत सगळ्यांना दिसेल असं टांगलं गेलं.

कुर्बान अली बेग हे नाव लक्षात ठेवा. आणि त्याच्याशेजारी सोलापूरच्या कुर्बान हुसेन यांचं ठेवा, ज्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर येरवड्यात फाशी झाली. नाव एकच, कुर्बान.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सवार ‘भारता’साठी कुठे लढले? ते बादशहासाठी, दीनसाठी, नोकरीच्या अटीसाठी लढले. बरोबर. उमाजी कशासाठी उठला? रामोश्यांचे गडांवरचे हक्क आणि वतनं कंपनीने काढून घेतली म्हणून. मध्ये काही वर्षं तो कंपनीच्या चाकरीतही होता. फडक्यांना आईच्या शेवटच्या दिवसांत रजा मिळाली नाही, आणि मग १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी पाहिला. सातपुड्यात खाज्या नाईक आणि त्यांचे भिल्ल १८५८ मध्ये अंबापाणीला लढले, तेही आपल्या रानासाठी. ‘राष्ट्र’ हा शब्द हातात घेऊन कुणीच घरातून निघालं नाही. प्रत्येक जण आपल्या दारातल्या अन्यायापासून निघाला. सवारांच्या ‘दीन’ला धर्मांधता म्हणायचं आणि दुसऱ्याच्या ‘धर्मा’ला देशभक्ती, असा दुहेरी तराजू मला मान्य नाही. तो आपल्या बाजूला झुकलेला असला तरी मान्य नाही. सावरकरांचं १८५७ वरचं पुस्तक १९०९ मध्ये इंग्रजीत छापून आलं. त्यात अजीमुल्ला खान आणि मौलवी अहमदुल्ला शाह यांचा गौरव आहे. तेव्हाच्या त्या तरुण लेखकाला यात अडचण वाटली नव्हती. पुढे त्यांचं राजकारण कुठे गेलं तो वेगळा विषय.

शेवटी एक गोष्ट बोलायची आहे, ती जरा कडू लागेल. आपल्याकडे हल्ली याद्या फार फिरतात. इंडिया गेटवर एवढी मुस्लीम नावं, फासावर एवढे मुस्लीम, अंदमानात एवढे. आकडे कुठून आले कुणी पाहत नाही. मुलं त्या याद्या पाठ करून वादविवादात फेकतात. मला त्या मुलांचा राग येत नाही, कारण त्यांना रोज कुणीतरी हजेरी द्यायला लावतं. पण यादी वाचून दाखवली म्हणजे हजेरी मागण्याचा हक्क समोरच्याला आहे, हे आपण कबूल केलं. शिवाय मीर फिदा अलीची गोळी माझ्या नागरिकत्वाची पावती कशी होईल? त्याने ती त्याच्या कारणासाठी झाडली. माझं नागरिकत्व २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या संविधानाने ठरलं आहे, त्याला दुसरी पावती लागत नाही. मीर फिदा अली आठवायचा तो तो होता म्हणून. आणि तो कांबळे, पवार, जाधव आडनावाच्या मित्रांबरोबर बसून आठवायचा, त्याच दमात उमाजी आणि खाज्या नाईकही.

काम पुष्कळ पडलं आहे. एकवीस अधिक तीन, यातली नावं आपल्याकडे किती आहेत? हैदराबाद संस्थानातल्या स्वातंत्र्यलढ्यावरचे सरकारी खंड १९५६ पासून छापून येऊ लागले, पहिला खंड १८५७ पर्यंतचा आहे. तो शहरातल्या एखाद्या ग्रंथालयात शोधा. हैदराबादच्या अभिलेखागारात फारसी आणि उर्दू कागद आहेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना उर्दू वाचता येत नाही, पण घरात नाना-नानी असतील ज्यांना येतं. शिकस्ता लिपी वाचायला माणूस लागेल, मोडी वाचायलाही लागेल. दोन्ही शिकता येतात. अंबाजोगाईच्या मुलांनी आपल्या गावात त्या रिसाल्याची काय आठवण उरली आहे ते विचारून पाहावं. जुन्या लष्करी गावांत घराण्यांना ‘जमादार’, ‘दफेदार’ अशी आडनावं चिकटलेली असतात. दार वाजवायला हरकत नाही. मात्र चहा पिऊन मग वही काढा, आधी नाही.

उद्या सकाळी सात वाजता बस इथून निघेल आणि आपण क्रांती चौकात उतरू. नऊनंतर तिथे उभं राहून बोलणं अशक्य होतं, म्हणून उशीर करू नका. जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत. टिपूबद्दल ज्यांचे हात मघापासून वर आहेत, त्यांचे प्रश्न आधी घेतो.